झाकणाखालचं प्लॅस्टिक

नंदू सबनीसबरोबर कुठे जायचं म्हणजे कपाळावर आठ्या घालूनच मी घराबाहेर पडायचो. गाडी सुरू करण्याआधी हा माणूस गाडीभोवती एक चक्कर मारणार, चारही टायरना बुटाने टोचून बघणार, मग आत बसून आरसे नीट करणार. ते आरसे आदल्या दिवशी त्यानेच नीट केलेले असायचे. मी शेजारी चडफडत बसलेलो. "नंद्या, अरे दूध आणायला चाललोय आपण," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "श्री, अपघात दूध आणायला जातानाच होतात."

आम्ही दोघं एकाच वर्षी शिकायला या देशात आलो, एका खोलीत राहिलो, एकाच पातेल्यात खिचडी करपवली आणि नोकऱ्या लागल्यावर इलिनॉयमधल्या शॉमबर्ग गावात दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली. त्याची सगळी नोकरी गाड्यांच्या ब्रेकचे भाग मोडेपर्यंत ताणण्यात गेली. भाग कुठे मोडतो ते बघायचं आणि का मोडला ते शोधायचं, याचेच त्याला पैसे मिळत. त्यामुळे जगात कशावरच त्याचा विश्वास नसे. शिडी, गॅसची शेगडी, बर्फावरची पायवाट, माझं ड्रायव्हिंग, सगळं त्याच्या लेखी मोडायच्या बेतात असलेलं. महाराष्ट्र मंडळातली पोरं त्याला तोंडावर 'रूलबुक काका' म्हणायची. त्याला ते आवडायचं.

अशा माणसाने बंदूक घेतली तेव्हा मी हसून हसून बेजार झालो. त्याच्या कंपनीतला वॉल्टर नावाचा एक म्हातारा त्याला त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेला होता. तिथे लोक जुन्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुका उडवत. खऱ्या जुन्या नव्हेत, जुन्यासारख्या नव्याने बनवलेल्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी, मग लांब गजाने ठासायचं, मग मागे ठिणगी पाडणारी बारीकशी टोपी बसवायची, आणि एवढं करून एक बार. की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला हे ऐकूनच जांभई आली. नंदूला मात्र स्वर्ग सापडला. एका बाराला इतक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर चूक करायची सोय!

घेण्याआधी त्याने कायदा पाठ केला. केंद्राच्या कायद्यात असली बंदूक बंदुकीत धरत नाहीत म्हणे, पण आमच्या इलिनॉयमध्ये तिलाही बंदूक बाळगायचं सरकारी कार्ड लागतं. त्याने कार्ड काढलं. खरी काळी दारू दुकानात सहज मिळत नाही आणि ती घरात ठेवायची म्हणजे ठिणगीची भीती, म्हणून त्याने तिच्या जागी वापरायची पर्यायी दारू निवडली. ती थोडी शांत स्वभावाची, पेटायला जरा जास्त आच मागते. पण शांत म्हणून लाडात यायचं नाही, असं तो म्हणायचा. ती वजनावर भरायची नाही, पितळी मापाने भरायची, कारण खऱ्या दारूपेक्षा ती हलकी असते आणि वजनावर गेलं की जास्त भरली जाते. बार काढून घरी आलं की त्याच दिवशी नळी गरम साबणाच्या पाण्याने धुवायची, नाहीतर गंज धरतो. हे धुणं त्याच्या बायकोने, सुमित्रावहिनींनी, स्वयंपाकघरात करू दिलं नाही, म्हणून तो तळघरात कपडे धुण्याच्या टाकीत करायचा. मी कधी गेलो तर खाली गंधकासारखा वास आणि वर फोडणीचा वास असायचा.

पण त्याचा खरा जीव होता तो डब्यावर. "दारू आपल्याच डब्यात राहिली पाहिजे," तो नवख्या लोकांना सांगायचा. "लेबलवर लिहिलंय तेच आत. डबा संपला की लेबल फाडायचं, डबा चेपायचा आणि टाकायचा. दुसरं काही त्यात भरायचं नाही. आधुनिक रायफलची बिनधुराची दारू चुकून या बंदुकीत गेली ना, तर ही नळी तिचा जोर सोसत नाही. ती फुटते." मग तो चिमूटभर दारू तळहातावर घ्यायचा, बोटाने चोळून दाखवायचा, नाकाशी न्यायचा. दरवेळी बार भरण्याआधी तो हे करायचा, जणू पहिल्यांदाच तो डबा उघडतोय.

आता ज्या बाईशी याचं लग्न झालं होतं ती कशी होती ते ऐका. सुमित्रावहिनींच्या घरात कुठल्याही डब्यात त्या डब्याचं नाव असलेली वस्तू मिळाली तर मी मिशी काढीन. दह्याच्या डब्यात हिंग, पीनट बटरच्या बरणीत मेतकूट, कॉफीच्या डब्यात साबुदाणा. घट्ट झाकणाचा रिकामा डबा टाकणं वहिनींच्या दृष्टीने पापच. आम्हा सगळ्यांच्याच घरात हे आहे म्हणा. माझी बायको गेली तेव्हा आइसक्रीमचे धुतलेले डबे मागे ठेवून गेली, आणि मी ते अजून टाकलेले नाहीत. पण वहिनींचं एक खास होतं. झाकणाखाली त्या ब्रेडच्या पिशवीतून कापलेला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ठेवायच्या, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. त्यांच्या घरचं कुठलंही झाकण उघडा, तुकडा हाताला लागणारच.

साहजिकच नवरा-बायकोत यावरून कायम जुंपायची. तो रिकामा डबा चेपून रिसायकलच्या टबात टाकायचा, त्या तो काढून, ठोकून सरळ करून धुवायच्या. "सुमित्रा, माझ्या कपाटाला आणि माझ्या डब्याला हात लावायचा नाही!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. त्याचा आवाज तेव्हा घरभर घुमायचा. वहिनी तिकडून म्हणायच्या, "ओरडा, ओरडा. भिंतींना ऐकू येतंय." दारूचे डबे ठेवायच्या गॅरेजमधल्या त्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली देवघरात गणपतीच्या मागे, कारण तिथे चोर बघणार नाही अशी नंदूची अटकळ. रोजची पूजा वहिनी करायच्या, हे मात्र त्याच्या नियमात कधी आलं नाही.

त्यांचा मुलगा अक्षत इथेच जन्मला, डाउनटाउनमध्ये कुठेतरी डेटाचं काम करतो. बापाचा बंदुकीचा नाद त्याने घेतला, पण नव्या पद्धतीने. त्याच्याकडे आधुनिक रायफल आणि स्वतःची काडतुसं भरायचं सामान. त्या हिवाळ्यात तो घर बदलत होता. सामानाचा एक खोका त्याने बापाच्या गॅरेजमध्ये आणून टाकला. खोक्यात बिनधुराच्या दारूचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन होता, तळाशी थोडी उरलेली. "जस्ट टू वीक्स, डॅड," तो म्हणाला. नंदूने तो खोका आपल्या कपाटात येऊ दिला नाही. गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात, गवत कापायच्या यंत्राच्या पलीकडे ठेवायला लावला. "दोन दारू एका छपराखाली मला चालत नाही," तो कुरकुरला. पण मुलगा होता, चालवून घेतलं. दोन आठवडे उलटून गेले आणि खोका तिथेच राहिला.

शिवजयंती आली. मंडळाचा त्या वर्षीचा अध्यक्ष राज, उत्साही प्राणी. त्याला शॉमबर्गच्याच पार्कात नंदूकाकाच्या बंदुकीचा बार हवा होता. नंदूने त्याला ठाम नाही म्हणून सांगितलं. गावाच्या हद्दीत बार काढायला बंदी आहे, ज्याला हौस असेल त्याने क्लबवर यावं. क्लब पश्चिमेला, कापून झालेल्या मक्याच्या शेतांमध्ये. मंडळी आली, भगवे फेटे जाड कोटांवर बांधून. फेब्रुवारीतली ती थंडी! श्वास मिशीवर गोठत होता. निशाणाला मातीचं मडकं ठेवलं होतं. नंदूने लोकांना दोरीमागे उभं केलं आणि दोरी इतकी लांब बांधली की मागच्यांना मडकं दिसेना. लोक कुरकुरले. दोरीचं एक टोक माझ्याकडे होतं. एका फेटेवाल्याने पुढे सरकायचा प्रयत्न केला तेव्हा नंदूने भरायचं काम थांबवलं, चालत आला आणि त्याला मागे नेऊन उभं केलं.

"काका, प्लीज, थोडं क्विक करा ना," राज ओरडला. "लहान मुलं फ्रीज होतायत यार!"

नंदूच्या हातात जाड हातमोजे होते. संरक्षक चष्मा वाफेने पांढरा झालेला. त्याने डब्याचं झाकण फिरवलं. झाकणाखालून एक चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा निघाला. मी पाहिलं, त्यानेही पाहिलं. त्याच्या ओठांवर ती नेहमीची वैतागाची रेघ उमटली, घरी गेल्यावर बघतो तुला, अशी. तुकडा त्याने बाजूला टाकला. वारा होता, तुकडा उडत माझ्या पायाशी आला. क्लबवर कचरा केलेला चालत नाही म्हणून मी तो उचलून खिशात घातला. मुलं रडत होती. नंदूने हातमोजा काढला नाही, चिमूट तळहातावर घेतली नाही, चोळून पाहिली नाही. सरळ माप भरलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. आवाज नेहमीसारखा खोल आला नाही, कानात सुरी घातल्यासारखा आला. धूर पांढरा नव्हता. नंदू उभाच होता, आणि त्याच्या डाव्या हाताच्या जागी जे होतं ते मी पाहिलं आणि दोरी सोडून पळालो. मागे लोकांना काहीच लागलं नव्हतं. नळीचा एक तुकडा दोरीच्या पुढे बर्फात रुतला होता, नंदूने मागे नेण्याआधी तो फेटेवाला उभा होता तिथे. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कितीदा सांगितलं तरी अजून कुणाला त्याचं काही वाटत नाही.

डावा हात मनगटापासून काढावा लागला. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा ताठ राहिले. चष्म्याने डोळे वाचवले.

इस्पितळात तो शुद्धीवर आला तेव्हा मी एकटाच होतो. वहिनी खाली काहीतरी खायला गेल्या होत्या, मीच पाठवल्या होत्या. त्याने पहिलं काय विचारलं असेल? हाताचं विचारलं नाही. म्हणाला, "श्री, झाकणाखाली प्लॅस्टिक होतं ना?"

मी कोटाच्या खिशातून तुकडा काढला. ब्रेडच्या पिशवीची निळी पट्टी त्यावर दिसत होती. त्याने मला तो उजेडाकडे धरायला लावला.

"तेवढ्या मापाने ती नळी फुटत नाही," तो म्हणाला. "आत अक्षतची दारू होती. तो डबा मी मागच्या महिन्यात रिकामा करून टाकला होता. घाईत लेबल फाडायचं राहिलं. तिने टबातून काढला असणार. अक्षतच्या खोक्यातलं काहीतरी सांडलं असणार, आणि तिने ते चांगल्या डब्यात भरून माझ्या कपाटात नीट लावून ठेवलं. तुकडासुद्धा घातला. दमट होऊ नये म्हणून."

मी तुकडा पुन्हा खिशात ठेवला. 

"तिला हे कळता कामा नये," तो म्हणाला. "कळलं तर ती जगायची नाही. जगली तरी तिचं सगळं संपेल. मी दोनदा दारू भरली, असं सांगायचं. थंडीत विसरलो, दोनदा भरली. तू शपथ घे."

"आणि लोक काय म्हणतील? रूलबुक काकाने—"

"म्हणू देत."

मी शपथ घेतली. एवढी मोठी गोष्ट मी आयुष्यात कुणाची पोटात ठेवलेली नाही, आणि मला ती पेलते आहे असंही कधी वाटलं नाही.

वॉल्टरला मात्र फसवणं शक्य नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कागदाच्या पुडीत चिमूटभर दारू घेऊन आला. चपट्या, चकचकीत चकत्या. कुठल्याही नवशिक्याला कळेल की ही ती नव्हे. "नंदू, तुझ्या डब्यात हे होतं," तो म्हणाला. "कुणी भरलं?"

"मी," नंदू म्हणाला.

म्हातारा त्याच्याकडे एकटक बघत राहिला. त्या माणसाने नंदूला पंधरा वर्षं नवख्यांना शिकवताना पाहिलं होतं. त्याचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. पण नंदू त्याच्या डोळ्याला डोळा लावून म्हणाला, "मीच, वॉल्टर. माझी चूक." पोलिसांनी अपघात म्हणून फाइल मिटवली. क्लबचा नियम साधा होता. चुकीची दारू चुकीच्या डब्यात भरणाऱ्या माणसाला पुन्हा फाटकातून आत घ्यायचं नाही. तो नियम नंदूनेच लिहून दिला होता. वॉल्टरने पुडी उचलली, टोपी घातली आणि गेला.

अक्षत खोका न्यायला आला तेव्हा कॅन जागेवर नव्हता. तो पोरगा पांढराफटक पडला. नंदूने त्यालाही तेच सांगितलं, तुझ्या दारूचा कॅन गळत होता, मीच ती माझ्या जुन्या डब्यात भरली आणि विसरलो. "यू?" अक्षत म्हणाला. "डॅड, यू ऑफ ऑल पीपल?" मग खोका उचलून गाडीत टाकताना त्याने ट्रंकचं झाकण इतक्या जोरात आपटलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आईला यातलं सांगू नकोस, फक्त दोनदा भरली एवढंच तिला माहीत आहे, असं नंदूने त्याला बजावलं. मुलाला वाटलं, बापाला लाज वाटते. वाटू दिलं. त्यानंतर कितीतरी आठवडे अक्षतचा फोन आला की तो फक्त आईशी बोलायचा. मला त्या पोराचा राग यायचा आणि लगेच त्याची कीवही यायची, कारण तो मनातून स्वतःलाही दोष देत होता हे उघड दिसत होतं.

आणि वहिनी! वहिनी त्याला बोलत राहिल्या. आधी रडल्या, मग देवांवर रागावल्या, मग सगळा राग येऊन नवऱ्यावर स्थिरावला. रोज भरवताना बोलायच्या. वरणभाताचा घास पुढे करायचा आणि त्याच हाताने बोलायचं. "जगाला अक्कल शिकवली. माझ्या डब्यांवरून चाळीस वर्षं माझं डोकं खाल्लं. आणि स्वतःला दोनदा भरलेलं कळत नाही? लहान मूल आहात का तुम्ही?" आल्यागेल्यासमोर हेच. मंडळातली माणसं भेटायला यायची, वहिनी त्यांना चहा द्यायच्या आणि सांगायच्या, "दोनदा भरली हो. यांनी!" माणसं हळहळायची आणि बाहेर पडून गाडीत हसायची. डेव्हन ॲव्हेन्यूवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, मिठाई घेताना मला राज भेटला, म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी आपण फटाक्यांचा साउंड लावू. सेफ." माझ्या हातात जिलेबीची पिशवी होती. ती त्याच्या तोंडावर मारायची फार इच्छा झाली.

नंदू ऐकून घ्यायचा. घास घ्यायचा, चावायचा, गिळायचा. एकदा वहिनी आत गेल्यावर मी म्हणालो, "नंद्या, मला हे सहन होत नाही. मी सांगून टाकतो."

"तुला काय होतंय?" तो म्हणाला. "बोलणी मला बसतात. ती रागावलीये ना, म्हणजे ती बरी आहे."

वहिनींच्या खिडकीत एक कढीपत्त्याचं रोप होतं. मोठ्या प्लॅस्टिकच्या कॅनचा वरचा भाग कापून त्यात लावलेलं. कॅनची लेबलाची बाजू त्यांनी काचेकडे फिरवून ठेवली होती, घाणेरडं दिसतं म्हणून. तो कॅन कुठला ते मला उन्हाळ्यात कळलं, अंगणात बसून खिडकीकडे बघताना. बाहेरून लेबल दिसत होतं. अक्षतच्या दारूचं. नंदू रोज त्याच खिडकीसमोर बसून जेवत होता. त्याला माहीत होतं का, हे मी त्याला विचारलंही नाही.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. दरवर्षी या दिवशी नंदू गॅरेजमधली हत्यारं स्वच्छ पुसून मांडायचा. पाना, करवत, हातोडी आणि मध्ये बंदूक. वहिनी हळदीकुंकू वाहायच्या, झेंडूचं फूल ठेवायच्या. या वर्षी मी सकाळी गेलो तेव्हा पाटावर पाना होता, करवत होती, मधली जागा रिकामी होती.

"यंदा काय ठेवायचं मध्ये?" वहिनींनी विचारलं.

"माप ठेव," नंदू म्हणाला. "पितळेचं."

वहिनींनी ते आणून ठेवलं. फूल वाहिलं. नमस्कार करताना नंदूने उजवा हात छातीशी नेला. दुसरा हात नसताना नमस्कार कसा करायचा हे माणसाला शिकवून ठेवलेलं नसतं. मला तिथे उभं राहवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मागून दोघं आले.

वहिनींनी चहा टाकला. थंडी पडायच्या आत कढीपत्ता मोठ्या कुंडीत लावायचा होता, म्हणून ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. रोप कॅनमधून बाहेर काढलं. मग रिकामा कॅन हातात धरून, माती झटकत, सहज बोलल्या. माझ्याकडे बघून, कौतुकाने. आपल्या संसाराचं कौतुक सांगावं तसं.

"भावजी, हा अक्षतचा कॅन. झाकण फुटून आडवा पडला होता, गॅरेजभर काळी पावडर सांडत होती. थंडीत मी एकटीने सगळी भरली, यांच्या त्या घट्ट डब्यात. पार कपाटात नेऊन लावली. नाहीतर पाय पडून ठिणगीबिणगी उडाली असती. यांना एवढं सुचतं का?"

चहा उतू जायला आला होता. मी उठून गॅस बंद केला, कारण मला कुठेतरी बघायचं होतं.

"बरं केलंस," नंदू म्हणाला.

वहिनींनी मान डोलावली आणि पुन्हा मातीत हात घातला. मग त्यांचे हात थांबले. मातीने भरलेले हात तसेच वर धरून त्या वळल्या.

"तुम्ही ओरडला नाहीत," त्या म्हणाल्या.

"आता काय ओरडायचं?"

"मी तुमचं कपाट उघडलं. तुमच्या डब्याला हात लावला." त्या हळू बोलत होत्या. "चाळीस वर्षांत तुम्ही यावर ओरडला नाहीत असं झालेलं नाही."

नंदू हसला. वाईट हसला तो, मला तिथेच कळलं की संपलं. त्याला खोटं बोलता यायचंच नाही, ते वॉल्टरपाशी आणि अक्षतपाशी कसंबसं जमलं, पण जिच्यासाठी बोलला तिच्यापाशी जमेना.

"भावजी?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

मी शपथ घेतली होती. मी चहाच्या पातेल्यात बघत राहिलो. तेवढ्याने त्यांना उत्तर मिळालं.

त्यांनी कॅन खिडकीच्या उजेडात धरला आणि लेबल वाचलं. त्या हळूहळू वाचत गेल्या, शेवटच्या ओळीपर्यंत, जुन्या धाटणीच्या बंदुकीत वापरू नये असं ठळक अक्षरात लिहिलं होतं तिथपर्यंत. मग कॅन ओट्यावर ठेवला. हात धुतले. टॉवेलला पुसले. नंदूच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मी तुम्हाला रोज बोलले," त्या म्हणाल्या. "घास भरवताना बोलले. लोकांना बोलावून बोलले."

"बोल की अजून," नंदू म्हणाला. "सुमित्रा, बोल. मला चालतं."

त्या काहीच बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. मी चहा गाळून तीन कप भरले, तो कुणी प्यायला नाही. मग मी घरी आलो.

अक्षतला वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. तो आला, रात्रभर राहिला, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला असं ऐकलं. वॉल्टरलाही कळलं, अक्षतकडून. तो येऊन म्हणाला की कमिटीशी बोलतो, फाटक उघडता येईल. नंदू म्हणाला, हात कुठेय मला? सगळ्यांना खरं कळलं, नंदूची अब्रू परत आली. आता मंडळातले लोक वहिनींबद्दल बोलतात.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. साखर हवी होती म्हणून फडताळ उघडलं. साखर दुकानाच्या पिशवीत, वर कपड्यांचा चिमटा. डाळ पिशवीत, चिमटा. हिंग, मेतकूट, साबुदाणा, सगळं आणलेल्या पिशवीत, चिमटे लावलेलं. एकही डबा नव्हता. मी बाहेर आलो तेव्हा वहिनी नंदूला भरवत होत्या. घास पुढे करत होत्या, तोंड पुसत होत्या. एका शब्दानेही बोलत नव्हत्या.

नंदू मला दारापर्यंत सोडायला आला. पायरीवर बर्फ होतं. त्याने ते बुटाने टोचून पाहिलं नाही, सरळ पाय ठेवला.

"श्री," तो म्हणाला, "घरात फार शांत असतं रे. तू जरा तिला सांग ना, मला ओरड म्हणून."